अशा नावाचं इथे कोणी राहत नाही

बावीस वर्षं मी लोकांच्या घरात पाच-पाच मिनिटं बसलो आहे. दिवसाला पंधरा घरं, प्रत्येक घरात पाच मिनिटं आणि एक ग्लास पाणी. सुरतेच्या दक्षिण भागात कुठल्या गल्लीतलं पाणी खारट आहे आणि कुठल्या सोसायटीत फ्रीजचं मिळतं, हे माझ्याइतकं महानगरपालिकेलाही माहीत नसेल.

आमच्या धंद्याला व्हेरिफिकेशन म्हणतात. तुम्ही क्रेडिट कार्डासाठी किंवा कर्जासाठी अर्ज करता, त्यावर पत्ता लिहिता. त्या पत्त्यावर तुम्ही खरोखर राहता की नाही हे बँकेचे साहेब बघायला येत नाहीत. ते एजन्सीला सांगतात आणि एजन्सी मला सांगते. मी जातो, दाराचा फोटो काढतो, घरात टीव्ही, पंखा, कपाट आहे का ते बघतो, भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोतला नवरदेव आणि समोर बसलेला माणूस एकच आहे ना, याची मनातल्या मनात खात्री करतो. मग शेजारी जाऊन विचारतो, "हे इथेच राहतात का? किती वर्षं?" आणि मोबाइलवर फॉर्म भरतो. पॉझिटिव्ह असेल तर नुसतं एकदा बोट टेकवायचं. निगेटिव्ह असेल तर खाली कारण टाइप करावं लागतं. बँकेने हे मुद्दाम केलं असावं. आळशी माणूस शक्यतो कोणाचं वाईट करत नाही.

नियम फार नाहीत. पाणी चालतं, चहा चालत नाही. चहा घेतला की मिंधेपणा आला, असं आमच्या एजन्सीच्या मालकांचं मत. ते स्वतः दिवसाला आठ चहा घ्यायचे, पण ऑफिसात.

लोकांना हा धंदा कमीपणाचा वाटतो. माझ्या सासऱ्यांनी तर लग्नानंतर दहा वर्षं पाहुण्यांना मी बँकेत आहे म्हणूनच सांगितलं. मीही ते खोडून काढलं नाही. बँकेच्या दारापर्यंत जात होतोच.

पाच मिनिटांत माणूस काय कळणार, असं तुम्ही म्हणाल. नाहीच कळत. पण शेजारी कळतो. पांडेसरा, भेस्तान, सचिन या बाजूला आमची खानदेशी वस्ती. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून कोणी मिलमध्ये रंगाईला आलेला, कोणी लूमवर. या वस्तीत पाठीला बॅग लावलेला अनोळखी माणूस आला आणि त्याने एखाद्याचं पूर्ण नाव घेतलं की सगळ्यांना एकच शंका येते: वसुलीवाला. कारण पूर्ण नावाने इथे कोणी कोणाला हाक मारत नाही. मग शेजारधर्म जागा होतो.

"अशा नावाचं इथे कोणी राहत नाही."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याचे प्रकार पाडू शकतो. माणूस खरंच तिथे राहत नसेल तर शेजारी विचारात पडतो. "काय नाव म्हणालात? काळा-उंच का? मागच्या गल्लीत बघा बरं." आणि माणूस तिथेच, त्या क्षणी आत जेवत बसलेला असेल, तर उत्तर ताबडतोब येतं. नाव पूर्ण व्हायच्या आत. एवढ्या जोरात नाही म्हणायला आधी ओळख लागते.

हे मला माहीत होतं, तरी एकदा मी चुकलो. चुकलो म्हणजे चुकून नव्हे, सोयीने.

भेस्तानला शिवदास नावाचा माणूस होता. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये रंगाईच्या मशीनवर. रात्रपाळीला जायला रिक्षा मिळत नाही म्हणून त्याने मोटारसायकलच्या कर्जाचा अर्ज केला होता. मी गेलो तेव्हा दाराला कुलूप. शेजारच्या तिन्ही घरांनी एकसुरात सांगितलं, असा कोणी नाही. त्यांच्या पाठीमागे दोरीवर शिवदासच्या मिलचा रंग लागलेला गणवेश वाळत होता. मला तो दिसला. पण त्या दिवशी पुढे अजून चौदा घरं होती. मी टाइप केलं, "सदर पत्त्यावर अर्जदार राहत नाही. शेजाऱ्यांकडून खात्री केली." कर्ज नामंजूर झालं.

काही महिन्यांनी पांडेसऱ्याला चहाच्या टपरीवर शिवदास शेजारी येऊन उभा राहिला; त्याच्या एका शेजाऱ्याने मला लांबून ओळखून दाखवलं होतं. "तुम्हीच आले होते ना आमच्याकडे? आमच्या लोकांनी तुम्हाला वसुलीवाला समजलं." आणि तो हसला. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. मी पैसे काढायच्या आत त्याने माझ्या चहाचे पैसे देऊन टाकले आणि मिलकडे चालत गेला. चालत.

ते असो. आता माझ्यावर कसं आलं ते सांगतो.

मुलगी पल्लवी अकरावीला गेली आणि तिने जाहीर केलं की नर्सिंगला जाणार. कॉलेजची फी ऐकून आमची सौ. सुनंदा म्हणाली, "कर्ज काढू. तुमच्या एवढ्या बँका ओळखीच्या आहेत." मीही रुबाबात एका शाखेतल्या मॅनेजरसाहेबांकडे गेलो. गुजराती गृहस्थ, स्वभावाने गोड. शैक्षणिक कर्जात बापाचंही नाव लागतं, म्हणून त्यांनी माझा क्रेडिट रिपोर्ट काढला. म्हणजे आपण आजवर कुठल्या तारखेला कोणाचे पैसे भरले, कुठे उशीर केला, याचं प्रगतिपुस्तक. साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला.

"भाऊ, तुमच्या नावावर चार वर्षांत नऊ मोबाइल?"

"हो."

"दुकान छे के?"

दुकान नव्हतं, गाव होतं. आमच्या गावचे आठ जण पांडेसऱ्यात एका खोलीत राहतात. हप्त्यावर मोबाइल घ्यायला पगाराची स्लिप आणि पॅनकार्ड लागतं. मिलमध्ये रोजावर काम करणाऱ्याकडे स्लिप कुठली? ती माझ्याकडे. म्हणून मोबाइल माझ्या नावावर आणि हप्ता ज्याचा त्याचा. ज्याच्या नावावर दुकानदार वस्तू देतो तो आमच्याकडे मोठा माणूस. मला मोठं व्हायला आवडत होतं.

"पैसे बुडवले कोणी?" साहेबांनी विचारलं.

"एक रुपया नाही."

"मग दरवर्षी याच दिवसांत हप्ता का चुकतो?"

मी रिपोर्टावर बघितलं. वर्षभर हिरवं आणि उन्हाळ्यात लाल. दरवर्षी. गुलमोहरासारखं.

"आखाजी, साहेब."

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशी माणसाला दिवाळीला रजा दिली नाही तरी तो सहन करील, आखाजीला अडवला तर मिल सोडून जाईल. लेकी माहेरी येतात, पितरांच्या नावाने घागर भरायची असते, झाडाला झोके बांधतात, पारावर पत्त्यांचे डाव पडतात. त्यालाच जोडून लग्नं. महिना-दीड महिना कोणी परत येत नाही. आठही जण जाताना सांगायचे, "भाऊ, या महिन्याचा हप्ता आखाजीहून आल्यावर." आणि आल्यावर खरंच द्यायचे. दंडासकट, चिल्लर मोजून. आमच्या हिशेबाने हा व्यवहार इतका चोख होता की त्यात उशीर कुठे झाला हेच कोणाला दिसलं नसतं. आणि "काही होत नाही, दंड भरला की मिटलं," हे त्यांना सांगणारा, कार्डं-कर्जांच्या धंद्यात आयुष्य घालवलेला तज्ज्ञ, मीच.

"अखात्रीजला तर आम्ही सोनं घेतो," साहेब म्हणाले. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं.

त्यांनी उपाय सांगितला. मोबाइलचे सगळे हप्ते बंद करा. मुलीची बारावी व्हायला दोन वर्षं आहेत. तोवर एक छोटं क्रेडिट कार्ड घ्या, थोडं वापरा, दर महिन्याला तारखेच्या आत पूर्ण भरा. रिपोर्ट सुधारेल, मग या. "पण अर्ज एकच करा. जिथे-तिथे करत सुटू नका. प्रत्येक अर्जाची नोंद पडते आणि नाकारला गेला तर पुढचे सहा महिने थांबावं लागेल."

मी एकच केला. ज्या माणसाने हजारो लोकांच्या अर्जावर बोट टेकवलं त्याचा अर्ज नाकारायला कोणी धजेल, असं माझ्या मनात आलंच नाही. मोबाइलचे हप्ते मिटवले होते, पगार बरा होता, आणि ते कार्ड इतकं साधं होतं की एजंट म्हणाला होता, "काका, हे तर कोणालाही देतात."

तीन आठवड्यांनी मेसेज आला. दिलगीर आहोत, आपला अर्ज सध्या मंजूर करता येत नाही.

घरी येऊन जेवायला बसलो. दोन घास झाल्यावर सुनंदा म्हणाली, "नाही म्हणाले ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"वांग्याच्या भाजीत मीठच नाहीये. आणि तुम्ही गप खाताय."

पल्लवीने मान खाली घालून मीठ पुढे सरकवलं. त्या पोरीने कॉलेजचं माहितीपत्रक वहीच्या प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालून ठेवलं होतं, मी पाहिलं होतं.

नकाराचं कारण बँक ग्राहकाला नीट सांगत नाही. पण मी या गल्लीतलाच. माझी तपासणी दुसऱ्या एजन्सीकडे गेली होती, तिथे ओळखीचा एक जण होता. त्याने फोनवर शेरा वाचून दाखवला.

"सदर पत्त्यावर अर्जदार राहत नाही. शेजाऱ्यांकडून खात्री केली."

मी म्हटलं, "परत वाच." त्याने परत वाचलं. शब्दाला शब्द. माझंच वाक्य, माझ्याच घरी पोचलं होतं.

आमच्या शेजारी जिजी राहतात. सत्तरीच्या पुढच्या, साक्री तालुक्यातल्या, बोलणं अजून अहिराणीच. मुलगा-सून कामावर जातात आणि जिजी दिवसभर ओट्यावर. सोसायटीला कॅमेरे लावायचा ठराव त्यांच्यामुळेच फेटाळला गेला. मी ओट्यावर जाऊन बसलो.

"जिजी, मागच्या पंधरवड्यात कोणी आलं होतं का मला विचारायला?"

"उनी व्हती ना एक बाई. स्कूटरवर. पाठवर बॅग." जिजींचा चेहरा उजळला. "तुनं पुरं नाव ली ऱ्हायंती. मी सांगं, असा कोनी आठे ऱ्हास नही! ती म्हणे, पक्कं? मी म्हनं, चाळीस वरीस व्हयनात माले आठे, असं नाव बी आयकं नही. तोंड पाडीसन गई बिचारी."

"अहो पण का?"

"का म्हंजे? तूच सांगेल व्हतं!"

आणि मला आठवलं. मोबाइलचे हप्ते चुकायचे तेव्हा एका आखाजीनंतर वसुलीचे लोक दारात यायला लागले होते. तेव्हा मीच याच ओट्यावर बसून जिजींना पढवलं होतं: कोणी बॅगवाला येऊन माझं पूर्ण नाव घेईल, तर सांगायचं, अशा नावाचं इथे कोणी राहत नाही. लगेच सांगायचं, विचार करायचा नाही. विचार केला की संशय येतो, ही खास धंद्यातली टीपही दिली होती. जिजींनी ते काम चोख केलं, म्हणून सुनंदाने त्यांना पुरणपोळी पाठवली होती. पुढे वसुलीवाले यायचे थांबले. जिजींना दिलेला हुकूम मागे घ्यायचा मात्र राहून गेला. त्या बाईने मला फोनही केला असणार. पण अनोळखी नंबर उचलायचा नाही, ही सवयही त्याच काळातली. त्या वेळी मी बहुधा सचिनला कोणाच्या तरी दारात उभा राहून, हा माणूस फोन का उचलत नाही म्हणून चिडत होतो.

मी जिजींना समजावून सांगितलं की ती वसुलीवाली नव्हती, पल्लवीच्या कर्जाची पहिली पायरी होती.

"मना हाते पोरनं नुसकान व्हयनं का रे, भाऊ?"

"तुमच्या हाताने नाही, जिजी. तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलंत." हे वाक्य बोलताना मला भेस्तानची ती तीन घरं आणि दोरीवरचा गणवेश दिसला. तेव्हा सगळा दोष त्या घरांवर टाकून मी ओळ टाइप केली होती. जिजींवर दोष टाकता येणार नव्हता.

आता सहा महिने दुसरा अर्ज नाही. वाट बघण्यात वेळ गेला असता आणि वेळच तर मोजका होता. राहिला एक मार्ग: बँकेत मुदत ठेव ठेवायची आणि तिच्या जोरावर कार्ड घ्यायचं. त्याला तपासणी लागत नाही, कारण तुम्ही पळालात तरी पैसे बँकेकडेच असतात. पण ठेव माझ्या नावावर हवी होती आणि ठेवण्याजोगे पैसे घरात एकाच व्यक्तीकडे होते.

सुनंदा घरबसल्या साड्यांना खडे चिकटवते. सुरतेत आमच्या बायका हेच करतात. एका साडीमागे जे मिळतं त्याला पैसे म्हणायला मला लाज वाटते. त्यातून भिशी लावून तिने तीस हजार जमवले होते. कशासाठी, ते तिने कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी विषय काढला तेव्हा ती साडीच्या काठाला खडा लावत होती. तिने तो लावून पूर्ण केला.

"आयुष्यभर दुसऱ्यांच्या वस्तू नावावर घ्यायची हौस तुम्हाला. आता माझे पैसेही तुमच्या नावावर?"

"पल्लवीसाठी."

"ते कळतं मला. कार्ड माझ्याकडे राहील."

कार्ड तिच्या खड्यांच्या डब्यात राहिलं. गॅसची टाकी आणि मोबाइलचा रिचार्ज, एवढ्यासाठीच बाहेर निघायचं, तेही मी मागितल्यावर आणि कशाला हवंय ते सांगितल्यावर. डब्यातल्या गोंदाने ते एकदा झाकणाला चिकटलं. सुटेपर्यंत त्या महिन्यात आमचा खर्च शून्य होता.

खोलीतल्या आठ जणांना सांगितलं की यापुढे माझ्या नावावर काही नाही. मला वाटलं रागावतील. त्यांच्यातला थोरला म्हणाला, "बरं झालं भाऊ, आम्हीच म्हणणार होतो. आता आमचेबी पॅनकार्ड झाले, स्लिपबी मिळते." चार वर्षं मी ज्या मोठेपणात होतो तो त्यांना केव्हाच लागेनासा झाला होता.

मग आखाजी आली. बिल फोनवरून गावाकडूनही भरता येतं, हे मला कळतं. पण गावात पारावर पत्ते मांडलेले असतात, बहीण माहेरी आलेली असते, कोणाच्या लग्नात आहेर असतो. आखाजीला माझ्या खिशातला पैसा माझं ऐकत नाही. सुनंदाने निर्णय दिला: ती आणि पल्लवी माहेरी जाणार, मी इथेच. स्वयंपाकघरात मीच वडिलांच्या नावाने घागर भरली, वर खरबूज ठेवलं. सांजोऱ्या जमल्या नाहीत, फुटल्या. वडिलांनी हयातीत माझ्या हातचं काही खाल्लं नव्हतं, तेवढं वाचले होते. आणि दुपारी, तारखेच्या चार दिवस आधी, बिल भरलं. अशा दोन आखाज्या मी सुरतेत काढल्या. सोसायटीत मी, जिजी आणि दोन कुत्री.

पल्लवी बारावी झाली. नर्सिंगला नंबर लागला. मॅनेजरसाहेबांनी रिपोर्ट काढला, या वेळी चष्मा एकदाच खाली केला आणि अर्ज पुढे पाठवला. "फक्त घरची तपासणी बाकी," ते म्हणाले. त्यांना ते 'फक्त' वाटलं.

मी जिजींना आठवडाभर आधी सांगून ठेवलं: बॅग आली की हो म्हणायचं. एवढंच. जास्त काही नाही.

स्कूटर थांबली तेव्हा मी आत होतो. तपासणी चालू असताना बाहेर डोकवायचं नाही, हा माझाच नियम. सुनंदाने माझ्या शर्टाची बाही धरून ठेवली होती, मला धीर द्यायला की अडवायला, कळलं नाही. बाहेर बाईंनी आपलं नाव सोलंकीबेन सांगितलं, जुन्या शेऱ्याखाली होतं तेच, आणि माझं पूर्ण नाव घ्यायला सुरुवात केली.

"ऱ्हास!" जिजी नाव पूर्ण व्हायच्या आत ओरडल्या. "आठेच ऱ्हास! आत बठेल शे, पळी नही गया!"

सुनंदाने डोळे मिटले.

"माणस कैसा है, माजी?"

"घोरस भलताच. भिंतमाईन ऐकू येस. मोबाइल नऊ लिधा व्हतात, पन सम्दा फेडी टाकात. आन आयक बाई. दोन आखाज्या व्हयन्यात, बायको-पोर माहेरले आन हाऊ येकटा आठे. बापनी घागर बी आठेच भरी. मी म्हनं, का रे भाऊ, गावले का नही गया? म्हने, जिजी, बिल भरानं शे. आते आखाजीले घर नही जास असा मानूस कथा पळी जाई, तूच सांग!"

सोलंकीबेनना यातलं अर्धंच कळलं असावं. मग त्या आत आल्या. पन्नाशीच्या असतील, डोक्यावर उन्हाची टोपी. भिंतीवरच्या आमच्या लग्नाच्या फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत फोटोकडे. केस गेल्यामुळे त्यांना वेळ लागला. सुनंदाने पाणी दिलं.

"पहले भी मैं ही आई थी," त्या म्हणाल्या. "दो साल हुए."

"माहीत आहे," मी म्हटलं.

"माजी तब झूठ बोल रही थीं, मुझे पता था। इतनी जल्दी कौन ना बोलता है?" त्यांनी ग्लास खाली ठेवला. "लेकिन भाई, उस दिन और ग्यारह घर बाकी थे।"

त्यांनी माफी मागितली नाही. मला ती देताही आली नसती. माझ्या खात्यावर चौदा घरं होती.

त्यांनी मोबाइल हातात घेतला आणि फॉर्म उघडला. स्क्रीन मला दिसत नव्हती. पण बावीस वर्षं हेच केलेलं, मी अंगठ्याकडे बघत राहिलो. अंगठा खाली आला, एकदा टेकला आणि थांबला. काही टाइप केलं नाही.

"चहा घ्याल?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नियम त्यांच्याही एजन्सीत तोच असणार. सुनंदा तोवर आत जाऊन आधण ठेवून आली होती. सोलंकीबेननी आधी फॉर्म सबमिट केला, तो गेल्याची हिरवी खूण येईपर्यंत मोबाइल खिडकीपाशी धरला, मग टोपी काढून मांडीवर ठेवली.

"शक्कर कम," त्या म्हणाल्या.